बिनवाऱ्याची वाट

"यंदा समोरून वारा आला," फ्राउक्येने कॉफीचा मग टेबलावर आदळला, "तर मी सायकल तिथेच झाडाला टेकवणार, आणि ताईबरोबर कॅनरी बेटांवर जाऊन वाळूत लोळणार. दर उन्हाळ्याला. तुझी सहल तुला लखलाभ!"

ही धमकी तिच्या नवऱ्याला, वीब हूकेमाला होती. तो फ्रीसलँड या सपाट प्रांतातल्या समुद्राकाठच्या एका शाळेत भूगोल शिकवायचा, पण त्याचा खरा अभिमान म्हणजे सतरा वर्षं न चुकता झालेली कुटुंबाची सायकल सहल. मुक्कामाला पोचलं की तो वहीत वारा लिहायचा. त्याने त्या वह्या काढल्या. डेन्मार्क : समोरून. नॉर्मंडी : समोरून. डॅन्यूबकाठ : समोरून, शिवाय पाऊस. बायकोचं काही चुकत नव्हतं.

त्याच्या गावात सगळ्यात उंच जागा म्हणजे समुद्राचा बांध, त्यावर मेंढ्या चरतात. तिथल्या सायकलवाल्याला शत्रू एकच, वारा. तो समोरून सुटला की पोरांच्या पाठीवर तळवा टेकवून आईबाप त्यांना पुढे ढकलत नेतात. लेक यिल्डाऊ दहा वर्षांची होईपर्यंत वीबने तिला अर्ध्या युरोपातून असंच ढकललं होतं.

सारा हिवाळा तो वाऱ्याचे तक्ते घेऊन बसला. मार्चमध्ये तो ओरडतच स्वयंपाकघरात आला. "सापडली! ऑस्ट्रियातली दरी! जुलैमध्ये वारा शून्य!" आणि कुणाचं मन बदलायच्या आत त्याने सगळ्या मुक्कामांच्या खोल्या पक्क्या करून टाकल्या.

सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला त्याने ही बातमी फोडली. सगळे रिवाजाप्रमाणे गोल खुर्च्या मांडून बसले होते, प्रत्येकाच्या हातात केकचा एकेक तुकडा. येणारा प्रत्येक जण प्रत्येकाचं अभिनंदन करत होता. सासू पंच्याहत्तर वर्षांची झाली म्हणून जावयाचंसुद्धा.

"मी पण येते की," सासूबाई म्हणाल्या. "माझी बॅटरीची सायकल आहे."

"सासूबाई, आमची सहल पायांवर चालते," वीब म्हणाला. "बॅटरी म्हणजे परीक्षेत कॉपी करण्यासारखं आहे."

"बरं हो, मास्तर."

तेवढ्यात फ्राउक्येच्या श्यूर्दमामांचा केक तोंडापाशीच थांबला. "कुठली दरी म्हणालास?"

वीबने नाव सांगितलं.

"अरे, तिथेच तर आमची गाडी तापून बंद पडली होती! घाट आहे तो, हजार मीटर चढ! वारा येणार कुठून? चहूबाजूंनी डोंगर आहेत की!"

सगळ्या माना वीबकडे वळल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. हा गृहस्थ वीस वर्षं पोरांना डोंगर शिकवत होता.

"नकाशात मी... वाराच बघत होतो," वीब पुटपुटला.

"बाबा, समोच्च रेषा चुकल्या म्हणून तू मला दहापैकी चार दिले होतेस," यिल्डाऊ म्हणाली. तिला इतका आनंद वाढदिवसालाही झाला नव्हता.

फ्राउक्येने पर्समधून फोन काढला. "ताईला कळवते."

"थांब ना गं!" वीब रडकुंडीला आला. "तू वाऱ्याचं म्हणाली होतीस. चढाचं कुठे म्हणालीस?"

फ्राउक्येने त्याच्याकडे पाहिलं. माणूस वेडा होता. पण तिच्यासाठी अख्खा हिवाळा तक्त्यांत डोकं घालून बसला होता. "ठीक आहे. शब्द म्हणजे शब्द. पण आम्ही दोघी बॅटरीच्या सायकली घेणार. आईही येणार. तू ये पायांवर. कॉपी न करता."

वीबने मग सराव सुरू केला. गावात सायकल नेता येईल असा चढ एकच, हमरस्त्यावरचा पूल. रोज शाळा सुटली की तो पूल चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. चौथ्या दिवशी पोलीसबाईंनी गाडी थांबवून, पुलाच्या कठड्याकडे एकदा बघून हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

जुलै उजाडला. घाटात खरोखरच झाडाचं पान हलत नव्हतं. तिघी बायका गप्पा मारत वळणामागे दिसेनाशा झाल्या. वीब पहिली तीन वळणं चढला, चौथ्याला सायकल हाताने ढकलू लागला, सातव्याला रस्त्याकडेच्या दगडावर बसला. डोक्यावर ऊन, घाम डोळ्यांत. थोड्या वेळाने त्याला शोधत तिघी परत खाली आल्या.

"जरा वारा सुटला असता ना..." तो कण्हला.

"काय म्हणालास?" फ्राउक्येने ताबडतोब रेकॉर्डिंग लावून फोन त्याच्या तोंडासमोर धरला. "पुन्हा म्हण. जरा मोठ्याने."

वीब उठला. कसाबसा सायकलवर चढला आणि पॅडल मारू लागला. दहा हात गेला असेल नसेल, तेवढ्यात त्याच्या पाठीवर एक तळवा टेकला आणि सायकल एकदम हलकी झाली. शेजारी सासूबाई होत्या, पाठीचा कणा ताठ, बॅटरीचा जोर सगळ्यात वरच्या आकड्यावर.

"ही कॉपी होते, सासूबाई," तो धापा टाकत म्हणाला.

"मग हात काढू का?"

"नको नको!"

वरच्या खानावळीत सूप प्यायल्यावर वीबने वही उघडली आणि बराच वेळ पेन चावत बसला. फ्राउक्येने त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. सतरा वर्षांत पहिल्यांदाच त्याने लिहिलं होतं : वारा मागून. चांगला जोरदार. वय पंच्याहत्तर.