बॅटरी खाणारं सिम

कोणत्याही घरात एखादी वस्तू पुरेनाशी झाली, की आधी ती खातंय कोण याचा शोध सुरू होतो. वस्तू वाढवायचा विषय नंतर निघतो, आणि बहुतेक वेळा निघतच नाही. दूध, साखर, रॉकेल यांना हा नियम पहिल्यापासून लागू होता. दोन हजार नऊ साली आखाडा बाळापूरजवळच्या तांड्यावर तो मोबाईलच्या बॅटरीलाही लागू झाला. लागू करणारी नानीबाई. तिचा शब्द तांड्याच्या नाईकालाही फिरवता येत नसे (त्यानं एकदा फिरवून पाहिला होता, तेव्हापासून तिच्या दारावरून जाताना तो पावलं लांब टाकतो).

फोन तिच्या लेकानं, दिपकनं, पुण्याहून पाठवलेला. चायनाचा, दोन सिमवाला, आवाज लग्नाच्या भोंग्यासारखा. एक सिम नानीबाईचं. दुसरं सून मिनाचं, त्यावरून ती माहेरी बोलायची. भारनियमन असं, की लाईट येऊन गेली हे लाईट गेल्यावर कळायचं. म्हणून चार्जिंगला फोन बाळापूरला खाजा मियाच्या दुकानी जायचा. सकाळी भरून आणलेली बॅटरी दिवे लागायच्या आत रिकामी.

त्या महिन्यात हे परवडणारं नव्हतं. लेक शितल पुसेगावला सासरीच बाळंत व्हायची होती. दुसरं बाळंतपण आपल्याकडं करायचं, असं विहिणबाईनं ठरवलं होतं. लेकराला पहिल्यांदा मांडीवर कोण घेणार, हे मात्र नानीबाईनं ठरवलं होतं. कळा सुरू झाल्या की फोन, फोन आला की जीप. तूप, सुंठ, डिंक आणि जुन्या लुगड्याची मऊ दुपटी, असं गाठोडं दाराशी बांधून तयार होतं. उणीव काय ती जिवंत फोनची.

"नानी," खाजा मिया म्हणाला, "ज्या सिमला रेंज न्हाई, ते दिवसभर टावरला हाका मारत ऱ्हाते. हाका मारून मारून बॅटरी बसते. रेंज कोणत्या सिमला हाय ते बघा, आन् दुसरं..."

"हाका मारणारी कोण, ते मला नको सांगू. रोज ऐकून राहिले मी."

घरी येताच रीतसर चौकशी झाली. शंभरातले शंभर टक्के दोष सुनेच्या सिमचा निघाला (तक्रार, तपास आणि निकाल एकाच हाती असल्यानं काम लवकर उरकलं).

"आत्याबाई," मिना म्हणाली, "ताईचा फोन माझ्याच नंबरवर येते. तुमच्या सिमला इथं रेंजच न्हाई."

"न्हाई कशी? माझं सिम तुझ्या आधीचं हाय."

मिनाचं सिम काढून मोहरीच्या डब्यात स्थानबद्ध करण्यात आलं.

बॅटरी तरी उतरतच राहिली. तेव्हा इतर आरोपींकडं लक्ष गेलं. पहिली फोनमधली टॉर्च, मग वाजणारी घंटी, मग पडद्यावरचं घड्याळ (कुणी बघत नसताना वेळ दाखवायची गरज काय, हा नानीबाईचा प्रश्न आजवर कोणत्याही कंपनीला सुटलेला नाही). शेवटी फोन बंदच ठेवायचा आणि देवापुढच्या दिव्यासारखा सकाळ-संध्याकाळ घटकाभर लावायचा, असं ठरलं. उपाय लागू पडला. बॅटरी भरलेली ती भरलेलीच. तांड्यावरच्या बाया ती बघून गेल्या, आणि घरोघरच्या मोहरीत एकेक सिम पडलं.

मग एका दुपारी जावई अमरसिंग बर्फीचा पुडा घेऊन आला.

"मामी, परवाच मोकळी झाली. पोरगी. दोघी बऱ्या हायेत."

नानीबाईनं गाठोड्याकडं पाहिलं. "आन् फोन?"

"तुमचा बंद येते."

"मिनाच्या नंबरवर लावायचा." तो नंबर मोहरीत आहे, हे त्या घडीला तिच्या ध्यानात नव्हतं.

"तो नंबर फक्त शितलच्या सिमात हाय. तिचं सिम आमच्या आईनं काढून ठेवलं. लई बॅटरी खात होतं."

"सुनेचं सिम काढलं?" नानीबाईचा आवाज तांड्याच्या टोकापर्यंत गेला, त्याला रेंज भरपूर होती. "पोटुशी लेक घरात, आन् तिच्या माहेरची वाट बंद केली? काय बाई म्हणावं का काय तुमच्या आईला?"

मिनानं जावयापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. त्याच्या बाजूला मोहरीचा डबा ठेवला.

नानीबाईनं डब्याकडं पाहिलं. "फोडणीला टाइम हाय अजून," ती म्हणाली, आणि गाठोडं उचलून जावयामागं गाडीवर बसली. विहिणबाईला सुनेशी कसं वागावं, ते समोरासमोर सांगायचं होतं. भरलेला फोन तिनं कमरेला खोचला, बंदच.

वाचणाऱ्यांनी खुशाल हसावं. हसून झालं की उठून आपल्या घरच्या मोहरीच्या डब्यात हात घालून बघावा. डबा कोणता ते माहीत नसेल, तर सुनेला विचारावं. तिला माहीत असतो.