मोरीतला पिवळा धूर

कमळाकर कासारे शिरवण्याजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात डिस्पॅच क्लार्क होता. रसायनांशी त्याचा संबंध पिंपांवरची लेबलं वाचण्यापुरता. पण आठ वर्षं लेबलं वाचून आपल्याला त्यातलं बरंच कळतं, असं त्याचं मत झालं होतं. त्यामुळे नेरूळच्या घरातल्या मोरीच्या लाद्या पिवळ्या पडल्या तेव्हा त्याने बायकोला, जयमालाला, हात लावू दिला नाही. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी त्याने लाद्यांवर ॲसिड ओतलं. डाग हलले नाहीत, म्हणून त्यावरच ब्लीचिंग पावडर टाकली. दोन्ही सफाईच्याच वस्तू, एकत्र आल्या तर दुप्पट सफाई करतील, असा त्याचा अंदाज होता.

लाद्यांवरून हिरवट पिवळा धूर उठला. कमळाकरच्या डोळ्यांना धारा लागल्या, छाती आवळली. तो बाहेर आला, मोरीचं दार घट्ट लावून घेतलं आणि काही नाही, काम चालू आहे, असं जयमालाला सांगू लागला. खोकल्यामुळे एवढं सांगायला त्याला तीनदा सुरुवात करावी लागली. जयमालाने पुढचं ऐकून न घेता त्याला दंडाला धरून जिना उतरवला.

तो वायू हवेपेक्षा जड. मोरीच्या खिडकीतून तोही खाली उतरला आणि तळमजल्यावर इद्रीस तुंगेकरच्या घरात शिरला. इद्रीसची आई, शमसुन्निसा, दम्याची. तिला उचलून त्याने मैदानात आणलं आणि मागोमाग अख्खी बिल्डिंग तोंडाला पदर-रुमाल लावून बाहेर आली. भोपाळ घडून तीन महिनेही झाले नव्हते. वास कुठून आला, हे कोणी विचारलंच नाही. कंपनीने गॅस सोडला, हे सगळ्यांना एकदमच कळलं. कमळाकरने तोंड उघडलं, पण नुसता खोकला आला. लोकांनी त्याला सावलीत बसवून पाणी पाजलं.

दुपारपर्यंत म्हातारीचा श्वास ताळ्यावर आला. डॉक्टरांनी धोका नाही म्हणून सांगितलं. मग कंपनीकडे तक्रारीचा अर्ज करायचं ठरलं. लिहायला कमळाकरच, कारण त्याचं अक्षर चांगलं आणि माहिती आतली. सोमवारी सकाळी अर्ज पोचला.

"म्हातारी थोडक्यात वाचली," जयमाला त्या दिवशी म्हणाली. "तुमी सांगताय की मी सांगू?"

संध्याकाळी बिल्डिंगच्या बैठकीत कमळाकरने सगळ्यांसमोर गॅस आपल्याच मोरीतला असल्याचं कबूल केलं. मग इद्रीसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"कासारे, आमी समजतो. नोकरीचा सवाल आहे. फार टेन्शन दिलं का कंपनीने?"

कोणीही दिलं नाही, असं तो जितकं ठासून सांगू लागला, तितके लोक हळहळू लागले. बिचाऱ्याला स्वतःच्या मोरीवर आळ घ्यायला लावला, असं ठरून बैठक उठली.

मंगळवारी तो कारखान्यातले सेफ्टी ऑफिसर सुधीरसाहेब यांच्याकडे गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उठून केबिनचं दार लावलं.

"उशीर केलात," ते म्हणाले. "तुमच्या अर्जावर कालच रिपोर्ट वर गेला. एक व्हॉल्व्ह गळत होता, वीस मिनिटांत दुरुस्त केला. आता गळती नव्हतीच म्हटलं, तर दुरुस्ती कशाची केली ते मला लिहून द्यावं लागेल. चहा घेणार?"

उरली शमसुन्निसा. घरी आल्यावर कमळाकर जयमालाला बरोबर घेऊन खाली गेला. म्हातारी ओसरत्या उन्हात लसूण सोलत बसली होती. तिच्यासमोर उकिडवा बसून त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं आणि माफी मागितली.

"माला त्याच दिशी कललं," ती म्हणाली. "तुजी मोरी माज्या डोक्यावर हाय."

मग बोलला का नाहीत, असं त्याने विचारलं.

"तीन दिस झाले, आख्खी बिल्डिंग माज्या दारात येते. कोन खीर आनतो, कोन पाय चेपतो. आदी कोन येत होतं?" तिने आणखी एक पाकळी सोलली. "पन परत मोरी धुशील तवा आदी सांग. मी लेकीकडं मोरा बंदराला जाऊन येईन."