नत्थूच्या भोंग्यावरची वकिलीणबाई

आमच्याकडे लग्नघरी सकाळी भोंगा सुरू झाला की आधी देवाचं गाणं लागतं, मग सनई. नत्थूचा भोंगा असला तर मात्र आधी एक वकिलीणबाई बोलायची. "बहिणींनो, साहेबानं अंगाला हात लावला, घाण विनोद केले, काम नसताना एकटीला थांबवून घेतलं, तर तो छळ आहे. गप्प बसू नका, ऑफिसातल्या कमिटीकडे तक्रार करा." नवरदेव तेव्हा अंगाला हळद लावून घेत असायचा.

नत्थू माझा शेजारी. ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावात मांडव, भोंगा, दिव्यांच्या माळा, सगळं त्याच्याकडेच. मी त्याच्याहून मोठी, म्हणून त्याला भाऊबिऊ म्हणत नाही. अंगानं काडी, खिशात कायम स्क्रू पिळायचा पेचकस. भेटला की रामराम नाही, पहिला प्रश्न, "आवाज साफ येऊन राह्यला ना?" भोंगा बंद असला तरी. त्याची बायको वारली तेव्हा भजन बसलं होतं, तिथंही त्यानं उठून हेच विचारलं. बायकांनी पदरात तोंड लपवून हसून घेतलं.

ती वकिलीणबाई रेडिओवरची. मंगळवारी दुपारी बायकांचा कार्यक्रम लागायचा. नोकरी करणाऱ्या बायका पत्रं पाठवायच्या, ती उत्तरं द्यायची. नत्थू ते सगळं टेपवर उतरवून घ्यायचा. त्या वेळेत गल्लीत कुणी तिखट कुटलं तरी भांडायला यायचा. एका कॅसेटमध्ये ऐन कायद्याच्या मध्ये माझा कोंबडा आरवतो. त्यावरून त्यानं माझ्याशी आठवडाभर अबोला धरला.

लग्नात भांडणं ठरलेली. नवरीचा बाप धावून यायचा, "नत्थ्या, माह्या पोरीचं लगन आहे का तक्रारीचा अर्ज? गाणं लाव!"

"लावतो जी. कमिटीचं तेवढं होऊ द्या."

धानाच्या रोवणीला जाणाऱ्या बायका चेष्टा करायच्या, "काऊन जी नत्थूभाऊ, आमच्या बांधीतही कमिटी बसते का?" तो खरंच विचारात पडायचा. म्हणायचा, "इचाराव लागन वकिलीणबाईले." एकदा राईस मिलचा मुनीम भर पंगतीतून बुंदी टाकून उठून गेला. का गेला, ते मिलमध्ये झाडायला जाणाऱ्या बायकांना विचारा. त्यानंतर चांगल्या घरची लग्नं नत्थूच्या हातून गेली. कॅसेट काही थांबली नाही.

लोक म्हणाले, म्हाताऱ्याला वेड लागलं. वेड नव्हतं. एका शब्दाचा घोळ होता, आणि तो माझ्या अंगणात उलगडला, म्हणून मला माहीत.

नत्थूला एकच पोरगी, रेखा. टायपिंग शिकली आणि चंद्रपूरला एका ठेकेदाराच्या ऑफिसात लागली. गावातली ऑफिसात बसणारी ती पहिली. नत्थूनं ते भोंग्यावरून सांगितलं होतं. काही महिन्यांनी ती पिशवी घेऊन परत आली. म्हणाली, "बाबा, साहेब मले छळते. मी आता जात नाई."

आता आमच्याकडे छळतं कोण? सासू छळते. मास्तर छळतो. वरकाम सांगणारा मालक छळतो. नत्थूला तेवढंच कळलं. म्हणाला, "साहेब लोकं छळतेच. थोडं सोसाव लागते. आपण तोंड वर करून बोलाव नाई." आणि स्वतः तिला एसटीत बसवून आला.

ती गेली. पुढं तिनं नोकरी सोडली, का ते बोलली नाही. लग्न होऊन राजुऱ्याला गेली आणि माहेर तुटलं. पोळा नाही, दिवाळी नाही. आईच्या मातीला आली, तेरवी आटोपून गेली. बापाशी एक शब्द नाही. नत्थू सगळ्यांना विचारायचा, "माह्यं काय चुकलं?"

असं बरीच वर्षं चाललं. मग एका मंगळवारी दुपारी तो रेडिओ काखेत मारून माझ्या अंगणात आला. मी तुरीच्या शेंगा सोलत होते.

"बाई, तुमी चौथी शिकल्या. लैंगिक म्हंजे काय जी?"

"कुठी ऐकलं?"

"रेडिओवर. ऑफिसातला लैंगिक छळ म्हणे. मास्तरले इचारलं तं हासला. कंपाउंडर म्हणते, गोळ्या पायजेत का."

माझ्या वयात कशाला लाजायचं? मी सरळ सांगितलं. बाईच्या अंगावर डोळा ठेवून तिला जो त्रास देतात, तो. ऐकून तो खाली बसला. माझ्या सुपातल्या शेंगा घेऊन सोलू लागला. दाणे मातीत पडत होते, टरफलं सुपात.

"छळते, म्हणली होती," तो म्हणाला. "पोरीनं सांगतलं होतं, बाई. मीच तिले एसटीत बसवलं."

तेव्हापासून ती कॅसेट.

पुढल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीच्या पोरीचं लग्न राजुऱ्याला निघालं. नत्थू आपणहून तयार झाला. मी म्हटलं, "राजुऱ्यात भोंगे नाईत का रे?"

"आपल्यावाणी आवाज नाई, बाई."

पेट्या एसटीच्या टपावर आणि भोंगा मांडीवर घेऊन तो आला. तिथं त्यानं भोंग्याचं तोंड मांडवाकडे नाही, मागच्या आळीकडे बांधलं. नवरदेवाचा मामा ओरडला, "अरे बावा, वऱ्हाड इकडं आहे!" नत्थूनं वळूनही पाहिलं नाही. त्या आळीत रेखाचं घर होतं.

कॅसेट अर्धी झाली आणि रेखा आली. हाताला पीठ तसंच.

"बाबा, बंद करा ते."

"तुह्यासाठीच लावलं, माय. मले तवा समजलं नाई..."

"सारी आळी आयकून राह्यली. मले लोकायले नव्हतं सांगाचं. तुमाले सांगतलं होतं. एकट्या तुमाले."

त्यानं बटण दाबलं. ती आली तशी गेली.

"जा न तिच्या मागं," मी म्हटलं.

"काय बोलू, बाई?"

"बोलू नोको. लय झालं तुह्यं बोलणं."

तो गेला. मांडवात ना गाणं ना सनई. मामानं त्याच्या नावानं शिव्या दिल्या आणि त्या मी ऐकून घेतल्या.

पंगती उठल्यावर मी त्या आळीत गेले. दोघं ओसरीवर बसले होते. रेखा खाली मान घालून, अगदी हळू आवाजात सांगत होती. मी फाटकाशीच थांबले.

जन्मभर भोंग्याशेजारी बसून नत्थूचा डावा कान पार गेलेला आहे. हे तो कुणाजवळ कबूल करत नाही. रेखा नेमकी त्याच्या डाव्या अंगाला बसली होती. मोठ्यानं बोल म्हणायचं तर तिला मध्येच तोडावं लागलं असतं. त्यानं तोडलं नाही. भुईला हात टेकून उठला, तिच्या मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाऊन बसला आणि मान तिच्याकडे झुकवली. ती सांगतच होती.