मॉरीनच्या खालची ओळ

एरलला मरणाची धास्ती नव्हती, धास्ती होती ती मेल्यानंतरच्या शेजाराची. बायको मॉरीन गेल्या उन्हाळ्यात गेली आणि तिला पुरलं ते तिच्या पहिल्या नवऱ्याशेजारी. त्या रॉनने जिवंतपणीच दोघांची जागा घेऊन ठेवली होती, आणि घेतलेली वस्तू वाया घालवणं मॉरीनच्या रक्तात नव्हतं. दगडावर आता दोघांची नावं होती. तिच्याबरोबर उभा जन्म काढलेला एरल दर आठवड्याला फुलं घेऊन जायचा आणि पाहुण्यासारखा बाजूला उभा राहायचा.

तिच्या शेजारी पडायला एकच जागा उरली होती. गावाच्या टोकाला खडकात खोदलेला समुद्राच्या पाण्याचा तलाव आहे. तिथे हिवाळाभर दर रविवारी म्हाताऱ्यांचा पोहण्याचा क्लब भरतो. हंगामाची शेवटची शर्यत जिंकणाऱ्याचं नाव क्लबच्या फळ्यावर सोनेरी अक्षरांत चढतं. फळ्यावरचं शेवटचं नाव मॉरीनचं होतं आणि तिच्याखालची ओळ रिकामी होती. त्या ओळीत आपण जायचं, असं एरलने ठरवून टाकलं. रॉनला पोहता येत नव्हतं, ही एक जमेची बाजू.

पण एरल आजवर एकदाही जिंकला नव्हता. तो म्हशीसारखा पोहायचा, संथ आणि सुखात. बाकीचे कुडकुडत बाहेर यायचे, हा मात्र गुलाबी होऊन यायचा आणि वर ‘थंडी मनात असते’ असं सगळ्यांना सुनवायचा. मॉरीन गेल्यावर स्वयंपाकघर बंद पडलं. चहा आणि टोस्टवर दिवस निघू लागले, आणि पोट गेलं, गाल गेले, पँट पट्ट्याला लोंबकळू लागली.

“बाबा, काय फिट दिसता हो तुम्ही,” लेक जनीन म्हणाली आणि तिने त्याला जिमच्या कोमट तलावात नेऊन सोडलं. त्या पाण्यात सांधे सैल झाले, हातपाय मोकळे झाले. हलका झालेला एरल सपासप पोहू लागला. सगळा हिवाळा त्याने तिथेच काढला, समुद्राकडे फिरकलाही नाही. दुखवट्यातला माणूस म्हणून क्लबनेही काही विचारलं नाही.

ऑगस्टच्या, म्हणजे तिकडच्या हिवाळ्याच्या, शेवटच्या रविवारी तो उगवला. क्लबच्या शर्यतींची वेळ लावणारी ग्लेनिस घड्याळ गळ्यात अडकवून बसली होती. या शर्यतीत जो सर्वांत हळू तो सर्वांत आधी सुटतो, आणि प्रत्येकाला ग्लेनिस एक वेळ नेमून देते. त्या नेमलेल्या वेळेआधी पोचलात तर ‘वेळ फोडली’ म्हणून बाद. आजवर मुद्दाम हळू पोहत होतात, असा त्याचा अर्थ लावतात.

“माझी जुनीच वेळ ठेव, ग्लेनिस.”

“जिममध्ये पोरांना मागे टाकतोस म्हणे. मला येडं समजू नकोस. वेळ फोडलीस तर बाद करीन, मग रडत येऊ नकोस.”

“नाही फोडत गं बाई. बेतानं पोहतो.”

त्याचा जुना दोस्त क्लाइव्ह त्याच्याकडे बघतच राहिला. “एरल्या, अंगावर काहीच उरलं नाही रे तुझ्या. दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसतोयस.”

“जळू नकोस. थंडी मनात असते.”

एरलने उडी मारली आणि आत गेलेला श्वास बाहेर यायचं नाव घेईना. पहिल्या फेरीत तो कुत्र्यासारखा धापा टाकत होता. दुसऱ्या फेरीत बोटं फाकली ती मिटेचनात. पाणी ओंजळीतून निसटू लागलं, दंड शिशासारखे जड झाले. तो मंदावला, आणि काठावर हशा पिकला.

“बघा, म्हातारा वेळ काढतोय.”

“बेरकी आहे मेला,” ग्लेनिस घड्याळाकडे बघत म्हणाली. “सगळा हिशोब लावून आलाय.”

एरल रेंगाळतोय म्हटल्यावर मागून सुटलेल्या सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. जो तो जीव खाऊन हात मारू लागला.

आणि मग एरलला छान उबदार वाटू लागलं. आपण जिममध्येच आहोत अशी त्याची खात्री झाली. पलीकडच्या काठावर मॉरीन टॉवेल धरून उभी होती. तो भर तलावात थांबला आणि हसला. त्याची ही हिंमत पाहून काठावरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

शेजारून पोहत पुढे निघालेला क्लाइव्ह ते हसू बघून थबकला. “अरे, चल ना.”

“थांब जरा,” एरल जड जिभेने म्हणाला. “मॉरीन टॉवेल घेऊन आलीये.”

क्लाइव्हने त्याची हनुवटी धरली आणि त्याला भिंतीपर्यंत ओढत नेलं.

ओठ निळे पडले होते. “गरम शॉवरखाली घाला त्याला,” कोणीतरी म्हणालं.

“अजिबात नको,” क्लाइव्ह धापा टाकत म्हणाला. “एकदम तापवलं तर चक्कर येऊन पडेल. पुसा आणि गुंडाळून ठेवा.”

घोंगड्यांच्या गाठोड्यात एरल पाण्यात होता त्याहून जास्त कुडकुडू लागला. दात जरा ताळ्यावर आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला. “को... कोण जिंकलं?”

ग्लेनिसने घसा खाकरला. “तुला ओढून आणलं, म्हणून तू बाद. बाकीच्यांना हाव सुटली, सगळ्यांनी वेळ फोडली. वेळेत एकटा क्लाइव्ह आला. तुला ओढत होता ना.”

एरल क्लाइव्हकडे बघत राहिला. “तू भिंतीला हात लावलास?”

“मग वर कसा येणार होतो?”

“पायऱ्या होत्या.”

“तू मरत होतास, गाढवा.” क्लाइव्ह ग्लेनिसकडे वळला. “ग्लेनिस, माझं नाव नको. ती ओळ रिकामी सोड.”

“तसं करता येत नाही,” ग्लेनिस म्हणाली. “शर्यतीत कोणी गेलाच, तर त्या वर्षी त्याचं नाव लावायचं, एवढीच सवलत आहे.”

एरलने घोंगडीतून मान वर काढली.

“म्हणजे तू जरा सावकाश आला असतास तर...”

“एरल्या, गप बस.” क्लाइव्हने बाकावरची बशी त्याच्यापुढे आपटली. शर्यतीनंतरचे नेहमीचे स्कोन होते, जाम आणि साय लावून खायचे छोटे गोडसर पाव. “थंडी मनात असते म्हणे. मॉरीन तुला लोण्यातुपावर पोसत होती म्हणून तगलास इतकी वर्षं. तिचं रांधलेलं अंगावर होतं तुझ्या. ते उतरवून ठेवलंस आणि उघडा पाण्यात गेलास.”

एरलला रडू कोसळलं. लपवायला हात मोकळे नव्हते, म्हणून तो सगळ्यांसमोर रडला. मॉरीनला पुरलं तेव्हाही रॉनच्या नातेवाइकांसमोर बरं दिसणार नाही म्हणून तो रडला नव्हता.

मग त्याने घोंगडीतून एक हात बाहेर काढला.

“ग्लेनिस, क्लाइव्हच्या खालची ओळ रिकामी आहे ना?”

“पुढच्या हिवाळ्याची. आहे.”

“मग ठीक आहे. मॉरीन आणि माझ्यामध्ये एक माणूस असतोच, सवय आहे मला. ती साय इकडे सरकव.”