धारेच्या दुकानाचं हॅशटॅग धोरण

मालापेक्षा मालाची हाक मोठी असावी लागते. व्यापाराचं हे मूलतत्त्व आमच्या अप्पांना ठाऊक नव्हतं, आणि ते न कळताच ते गेले. त्यांची हाक मात्र अजून माझ्या कानात आहे. खांद्यावरचं पायडलचं चाक गल्लीच्या तोंडाशी उतरवून ते लांब सूर लावायचे :

“सुरी आणा, कातरी आणा,
बोथट झालं ते सारं आणा, धाऽऽर!”

वरच्या मजल्यावरून एखादी बाई ओरडायची, “अहो, आमच्या ह्यांची अक्कल आणू का?”

“आणा की वहिनी! पण पाणी फार लागेल.”

पाणी लागायचंच. चाकाच्या वर पत्र्याचा डबा टांगलेला, त्याच्या तळाला खिळ्याने पाडलेलं भोक, आणि त्यातून दगडावर थेंब थेंब थेंब. दगड भिजायचा, पातं गार राहायचं आणि त्या ओल्या सरसरीवर अप्पांचं गुणगुणणं चालायचं.

आधुनिक निकषांवर तपासलं, तर अप्पांच्या हाकेत गंभीर दोष आढळतात. ज्यांच्या घरात बोथट सुरी आहे, त्यांनाच ती ऐकू जाई. शिवाय हाक ऐकून लोक तिचं कौतुक करत बसण्याऐवजी सरळ सुरी घेऊन खाली येत. त्यामुळे हाक किती जणांना आवडली, याची नोंदच कुठे उरली नाही. (धार किती लागली, याची नोंद होती. पण ती लोकांच्या स्वयंपाकघरात.)

अप्पांनंतर चाक ताईकडे आलं. तिने ते एका खोलीत बसवलं, त्याला मोटर लावली, डबा तोच ठेवला. पण हल्ली माणसं सुरी बोथट झाली की नवी आणतात. “वर्षभर बघते,” ताई म्हणाली, “नाहीच जमलं तर चाक मोडीत.” हे ती चाकावरची धूळ पुसता पुसता म्हणाली, आणि मग तीच जागा बराच वेळ पुसत राहिली.

म्हणून सल्लागारांची नेमणूक झाली. (वय तेवीस, अनुभव पंचवीस वर्षं.) त्यांनी निदान केलं की दुकानात धार आहे, पण हॅशटॅग नाही. ताईचा सख्खा भाऊ आणि घरातला एकमेव रिकामा माणूस, या दुहेरी पात्रतेवर हॅशटॅग विभाग माझ्याकडे आला. पद मानद होतं.

धोरण पुढीलप्रमाणे ठरलं. एका फोटोखाली तीस हॅशटॅग : दहा मोठे, दहा मध्यम, दहा बारीक. मोठ्यांत #प्रेम, #आयुष्य आणि #सूर्योदय. सुरीचा सूर्योदयाशी संबंध काय, असं ताईने विचारलं. “सूर्योदय कोट्यवधी लोक बघतात ताई, सुरी कोण बघतं?” असं उत्तर मिळालं. ते बिनतोड होतं. दुसरं कलम असं, की जग ज्या विषयावर बोलत असेल त्यावर आपणही बोलायचं. एके दिवशी सगळं जग कुणा वृद्ध नटाच्या निधनावर हळहळत होतं, तेव्हा त्याच हॅशटॅगखाली आम्ही एक कातरी ठेवली. पाहता पाहता खाली हात जोडलेली चित्रं जमली. कातरीला इतकी मनापासून श्रद्धांजली याआधी कुणी वाहिली नसेल.

तिसरं कलम स्वतःच्या हक्काच्या हॅशटॅगचं. #ताईचीधार आम्ही चालू केला आणि तो लगेच लोकप्रिय झाला. मुख्यतः दातांच्या एका डॉक्टरांकडे; ते आपल्या कवळ्यांच्या फोटोंखाली तो लावू लागले.

असे काही आठवडे गेले. मग एके दुपारी डब्यातलं पाणी संपलेलं ताईच्या लक्षात आलं नाही. मी फोन धरून उभा होतो. तिने कोरड्या दगडावर सुरी टेकवली आणि कुणी ओंजळभर काजवे उधळावेत, तशा ठिणग्या उडाल्या! तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत कुठच्या कुठे गेला.

“#ठिणगी!” सल्लागार गहिवरले. “ताई, हीच तुमची ओळख. आणि तो डबा काढा हो, मध्ये येतो.”

ताई डब्याकडे पाहत राहिली. काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात आणखी हजारभर लोकांना ठिणगी आवडल्याचं फोनने कळवलं. डबा उतरला. तळाला आयतं भोक असल्यामुळे त्यात मनीप्लांट लावला आणि तो खिडकीत, मागची शोभा म्हणून ठेवला.

वर्षअखेरचा अहवाल समाधानकारक आहे. अनुयायी : चाळीस हजार. त्यांपैकी घरात सुरी असलेले : माहिती उपलब्ध नाही. मनीप्लांटबद्दल चौकशी : एकशे बारा. धारेबद्दल चौकशी : तीन. (एक चुकून.) जुनी गिऱ्हाइकं एकेकदा येऊन गेली, पुन्हा फिरकली नाहीत. यावरून आमची धार किती टिकते ते दिसतं.

पूर्वी प्रत्येक पातं देण्याआधी ताई त्याने कागदाची एक पट्टी कापून पाहायची. ती पद्धतही बंद झाली. कागद कापणं हे दृश्य म्हणून फिकं, असं सल्लागारांचं मत. ताईने त्यावर वाद घातला नाही. ती पातं गुंडाळून द्यायची आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता पुढचं काम उचलायची.

वर्ष संपत आलं, तेव्हा शेवटचा उपाय म्हणून सर्वांत जुन्या गिऱ्हाइकाचे अनुभव लाइव्ह दाखवायचं ठरलं. शिवणमावशी आल्या. ठेवणीतले कपडे, हातात अप्पांच्या वेळची मोठी कातरी. ताईने ती चाकाला लावली. ठिणग्या उडाल्या. तीन हजार लोक बघत होते.

“आता हे कापा, मावशी,” मी कापडाचा तुकडा पुढे केला.

मावशींनी कातरी चालवली. कापड दुमडलं. पुन्हा चालवली. कातरीने ते नुसतं चघळलं.

मावशी हळूच म्हणाल्या, “हे त्या सगळ्यांना दिसतंय का रे?”

“दिसतंय.”

“मग बोलतेच. कापत नाही गं बाई. सहा महिने झाले. मी पलीकडच्या गल्लीत लावून घेते धार. पण तुला बदाम मात्र रोज देते हं! सून सांगते, इथे दाबा, की दाबते.”

पडद्यावर बदामांचा नुसता पूर आला. सल्लागारांचा निरोपही : “अस्सल! #कापतनाही लगेच टाका.” मी टाकला. कर्तव्य होतं.

ताई उठली. खिडकीतला डबा घेतला, मनीप्लांट मुळासकट उपटून कागदावर ठेवला. डबा विसळला, खिळ्याला टांगला, भरला. थेंब थेंब थेंब. दगड काळाभोर झाला. तिने कातरी टेकवली. ठिणगी नाही, उजेड नाही. फक्त ती ओली सरसर, जिच्यावर अप्पा गुणगुणायचे.

फोनवरचा आकडा उतरू लागला. अकराशे. चारशे. नव्वद.

“अगं, कुठे चालले हे सगळे?” मावशी म्हणाल्या.

ताईने पातं फिरवलं, दुसरी बाजू लावली. “मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मावशी. कोरडं घासलं की पातं भाजतं, धार धरत नाही. अप्पांनी सगळ्यांत आधी हेच शिकवलं होतं.”

मग तिने मान वर केली आणि फोनकडे, म्हणजे तुमच्याकडे, पाहिलं.

“पण पाणी घातलं की ठिणगी उडत नाही. आणि ठिणगी उडाली नाही, की तुम्ही थांबत नाही.”