ओ देणारा दगड

माजलगावात आमच्या शेजारी राहणारे अंबादासनाना दगडाशी बोलतात. यात विशेष काही नाही. बायको गेलेली, एकुलती लेक परदेशात, असा माणूस कशाशीही बोलतो. विशेष एवढंच की दगड त्यांना उत्तर देतो. ते मी स्वतः ऐकलंय, भरदुपारी, पूर्ण शुद्धीत.

नाना कालव्यावर पाटकरी होते. उभी हयात लोकांच्या शेतांना पाळीनं पाणी सोडण्यात गेली. बोलणं हळू, चालणं त्याहून हळू. कुणी लवकर उरका म्हटलं की ठरलेलं उत्तर, "पान्याला घाई चालत न्हाई."

लेक-जावई पुण्यातलं घर आवरून परदेशी निघाले, तेव्हा जावयाची मासे पाळायची काचेची भलीमोठी टाकी, निळे दिवे आणि पंप नाना टेम्पोत घालून घेऊन आले. टाकी समुद्राच्या पाण्याची. जावई म्हणाला, "नाना, हे तुम्हाला जमणार नाही." नाना मला म्हणाले, "मास्तर, घरात एक तरी जीव पायजे. आन् आमाला पानी शिकवतंय कोन?" समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

पहिलं पाणी त्यांनी स्वतःच नासवलं. पाळी सुटताना कालव्यावर नारळ फोडायचा, हळदकुंकू वाहायचं, ही त्यांची जुनी सवय. फिल्टरच्या पाण्याचे जार आणले, पुण्याहून मागवलेलं खास मीठ त्यात विरघळवलं, टाकी काठोकाठ भरली. आणि मग नानांनी मोठ्या भक्तिभावानं नारळ फोडून त्याचं पाणी आत ओतलं, वर हळदकुंकवाची मूठ सोडली. सकाळी बघतो तर समुद्राचं वरण झालेलं. पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला. त्यानं सगळं पाणी ओतून द्यायला सांगितलं.

दुसऱ्या पाण्याला नानांनी नुसता लांबून नमस्कार केला. मग पार्सलनं समुद्रातले दगड आले, ओल्या कागदात गुंडाळलेले, कुबट खारट वासाचे. "जिवंत दगड हायेत," नाना हळूच म्हणाले. दुकानदाराचा हुकूम होता की आधी दगड ठेवायचे, पाणी माशांना मानवेपर्यंत पिकू द्यायचं, मासे महिन्याभरानं. महिनाभर नाना खुर्ची टाकून त्या निळ्या उजेडात रिकाम्या पाण्याकडे बघत बसले. आल्यागेल्यालाही बसवायचे. टोपी निळी, तोंड निळं, हसले की दातही निळे.

"काय दिसतंय, नाना?"

"काई न्हाई. पिकतंय."

दूधवाला तेव्हापासून पिशवी फाटकाला अडकवून पळतो.

एका शुक्रवारी दुपारी मी त्यांच्याकडे पेपर वाचत बसलो होतो आणि वीज गेली. पंप थांबला. घर एकदम गप्प झालं. तेवढ्यात टाकीतून आवाज आला, टक्. कुणीतरी बोट मोडावं तसा. मी नानांकडे पाहिलं. ते हसत होते, आणि मला ते हसू आवडलं नाही. त्यांनी काचेवर नखानं दोनदा वाजवलं. पाण्यात काही हललं नाही. सगळ्यात मोठ्या दगडाच्या भोकातून उत्तर आलं. टक्, टक्.

मी पेपर तिथंच टाकून घरी आलो आणि बायकोला सांगितलं, उकडत होतं म्हणून आलो.

गल्लीत बोभाटा झाला. कमलमावशी लिंबू घेऊन दगडाची नजर उतरवायला आल्या, पण नारळाचा अनुभव ताजा असल्यानं नानांनी त्यांना उंबऱ्यावरूनच परत धाडलं.

मग पुण्याहून दोन केशरी मासे आले. नाना त्यांना 'पाव्हनं' म्हणायचे. आठवड्याच्या आत एक पाहुणा दगडाखाली मेलेला सापडला, शेपटी फाटलेला. दुसरा पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात थरथरत राहिला, खाली येईना. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं आणि उलगडा केला. दगडाच्या भोकात एक कोळंबी लपून आली होती. ह्या जातीची एक नांगी मोठी असते, ती मिटली की तसा आवाज होतो. आता ती दुसऱ्या माशालाही सोडणार नाही. दगड गोड्या पाण्यात बुडवा, ती बाहेर येईल आणि मरेल.

"गोड्या पान्यानं मरतंय व्हय?" एवढंच नाना बोलले. जन्मभर त्यांनी गोडं पाणीच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. बादली भरून ठेवली होती. त्यांनी दोन्ही हातांनी दगड वर काढला, कोपरांवरून पाणी निथळत होतं. बादलीवर धरला आणि सवयीनं त्यावर नखानं दोनदा वाजवलं. तेवढं त्यांनी करायला नको होतं. हवेत तो आवाज अगदी बारीक आला. टक्, टक्.

नानांनी दगड बुडवला नाही.

"मास्तर, कारभारीन गेल्यापास्नं ह्या घरात मी हाक मारली आन् कुनी ओ दिली, असं झालंच न्हाई बगा. हे देतंय."

मी म्हणालो, "नाना, ती ओ नाही. त्याला भीती वाटते, म्हणून वाजवतं ते." शहाणपणा करायची मला वाईट खोड आहे.

"वाटू द्या," नाना म्हणाले. "मला बी वाटती."

त्यांनी दगड जपून परत टाकीत ठेवला. मी बादली उचलली आणि अंगणातल्या कढीपत्त्याला ओतून आलो.

उरलेला मासा जगवायचा तर तो परत देणं भाग होतं. त्याची पिशवी मांडीवर घेऊन नाना एसटीनं पुण्याला गेले, मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. मी त्यांच्या ओट्यावर माझ्याकडे ठेवलेली किल्ली परत देत होतो. घरात कुणी नव्हतं, काचेवर कुणी वाजवलं नव्हतं. तरी बंद दाराआडून स्पष्ट आवाज आला. टक्, टक्.

नानांनी माझ्या हातातून किल्ली ओढून घेतली आणि कुलपाशी झटापट करत म्हणाले, "आलो गं, आलो."