हातमोजेवालीवर पाळत

या स्फटिकाला माझ्याशिवाय कोणी वळवू शकत नाही, असं मी सरांना छातीठोकपणे सांगितलं होतं. चुंबकी अर्धधातूचा तांदळाएवढा तुकडा. चुंबकीय क्षेत्राची दिशा किंचित फिरवली, की आतल्या इलेक्ट्रॉनांची अख्खी मांडणी, म्हणजे फेज, पालटते आणि पडद्यावरची रेघ टुणकन उडी मारते. शुक्रवारी सर बघायला येणार. रेघ माझ्या हुकमात दिसली, तर शोधनिबंधावर पहिलं नाव माझं.

पण रेघ हुकमाविनाच उडू लागली. म्हणून ही नोंदवही.

सोमवार, ११.०५. शेजारच्या गटातली संशोधिका (यापुढे: हातमोजेवाली) आली. कपाटातून हातमोजे घेतले. रेघ उडाली. मी चुंबकाला हात लावलेला नाही.

मंगळवार, ११.०७. तीच बाई, तीच उडी.
"रोज नवे हातमोजे कशाला?"
"रोज खराब होतात म्हणून. तुला काय त्रास?"
उत्तर घरून तयार करून आणल्यासारखं.

बुधवार. तिच्या खिशात रिमोट असणार. तसं विचारलं. तिने खिसे उलटे केले: रुमाल, किल्ली, खोकल्याची गोळी. निर्दोष माणूस इतक्या पटकन खिसे दाखवतो?

गुरुवार. दिवसभर तिच्यावर नजर. ती म्हणाली, "डोळे दुखतील हं." धमकी?

शुक्रवार, १०.५५. सर साडेअकराला येणार. त्याआधी तिला रंगेहाथ पकडायचं. हातमोज्यांचं लोखंडी कपाट चुंबकाला खेटूनच आहे, त्यात लपतो. दार उघडलं. रेघ उडाली. खोलीत मी एकटा! लावलं. रेघ खाली. उघडलं. वर. म्हणजे ती बाहेरून माझ्यावर पाळत ठेवून आहे.

११.०४. हे आतून लिहितोय. कोणीतरी दार

ती होती. मागे सर, वेळेआधीच.

"कपाटात काय करतोयस?" सरांनी विचारलं.

"पाळत, सर."

हातमोजेवाली माझ्याकडे बघतच नव्हती. ती पडद्याकडे बघत होती. तिने माझ्यासकट दार लावलं. उघडलं. पुन्हा लावलं.

"सर, लोखंडी दार हललं की क्षेत्राची दिशा वाकते," बाहेरून तिचा आवाज आला. "अर्धा अंशही नसेल. तेवढ्यानं फेज पालटतेय."

"इतक्या कमी फरकात? हे अजून कोणाला जमलेलं नाही."

"मी आठवडाभर करतेय," ती म्हणाली.

शोधनिबंधावर पहिलं नाव तिचं. माझं दुसरं. तेही सरांना जड जात होतं. तीच म्हणाली, "असू दे, सर. मोजमाप झालं तेव्हा तो आत होता. यंत्रणेचा भाग म्हणून लिहावाच लागेल."